जिनूची वाकळ

शुक्रवार पेठ, कोल्हापूर
भाद्रपद वद्य ५, शके १८३८

प्रिय विजू,

आपला रानातला गडी केरबा गाठोडं घेऊन तुझ्या दारात उभा राहील, तेव्हा त्याला आधी पाणी दे, भाकरी दे. गाठोडं कोपऱ्यात ठेव आणि हे पत्र वाचायला घे. पत्र संपल्याशिवाय गाठोड्याची गाठ सोडायची नाही, एवढं माझं ऐक. सुलीला शेजारी बसवू नकोस. ती आता अक्षरं जोडून वाचते, आणि यात जे आहे ते तिला तू सांगावंस, तुला वाटेल तेव्हा.

तुझं कार्ड परवा आलं. पर्युषण संपलं की आपल्यात सगळेच सगळ्यांना लिहितात ती ओळ वर होतीच, जाणता-अजाणता घडलेल्या अपराधांची क्षमा असावी. आणि तिच्याखाली तू दरवर्षी घालतेस ती दुसरी ओळ: 'वैनी, त्या वाकळेबद्दल पुन्हा क्षमा मागते, तुझ्या लेकरांचाही जीव मी धोक्यात घातला होता.' सात कार्डं झाली, विजू. सगळी माझ्या पेटीत तळाशी आहेत. यंदा मात्र खाली बारीक अक्षरात आणखी चार ओळी होत्या. मालक गेले, आता दिवाळी झाली की घर बंद करून तीर्थावर जाऊन व्रतस्थ राहणार. पोटच्या पोराचा जीव घेतलेल्या बाईनं दुसरं पोर वाढवू नये. सुलीला तुझ्या पदरात घालते, वैनी, तू फक्त होय म्हण. ह्यांनी, तुझ्या आण्णांनी, कार्ड वाचलं, डोळे पुसले आणि म्हणाले, "इचारायचं काय त्यात? उद्याच जातो आणि पोरीला घिऊन येतो की." मी म्हटलं, थांबा. कशाला थांबायचं, म्हणाले. चुलीवर दूध उतू गेलं तरी मी तशीच बसून होते.

होय म्हणायला मला किती बरं वाटलं असतं म्हणून सांगू! सुली मला हवीच आहे. चंपू आता बारा वर्षांची झाली, पुढच्या साली तिचं बघायला लागतील, घर सुनं पडेल. नेमू हायस्कुलात जातो, धोतराचा सोगा हातात धरून मोठ्या माणसासारखा चालतो, आणि घरी आला की आईशी बोलायला त्याला वेळ नसतो. तुझ्या आई, माझ्या आत्याबाई, जाऊन दोन वर्षं झाली. त्यांच्या जात्याच्या जागी मी आता तुळशीची कुंडी ठेवली आहे. म्हणजे या घरात मला टोकणारं, विचारणारं कुणी उरलं नाही. मी होय लिहिलं असतं, तर कुणाला काही कळलं नसतं. म्हणूनच लिहिता येईना.

तुला ते पहिलं साल आठवतं का, पेठेत पहिल्यांदा उंदीर पडले ते? तू माहेरपणाला आली होतीस, नेमू माझ्या मांडीवर होता. दवंडी पिटली, आणि दोन दिवसांत अख्खी पेठ भांडीकुंडी गाडीत घालून पुलापलीकडं रानात गेली. आपल्या उसाच्या कडेला आण्णांनी आणि केरबानं मिळून दोन झोपड्या घातल्या, वर पाचट, कुडाला शेण. आत्याबाई रडत होत्या, घराला कुलूप घालताना उंबऱ्यावर डोकं टेकलं त्यांनी. आणि मी, खोटं कशाला बोलू, मला मनातून एवढा आनंद झाला होता की तोंड लपवायला मी पदर पुढं ओढला. दहाव्या वर्षी या घरात आल्यापासून आठ वर्षांत मी पहिल्यांदा उघड्यावर बसून भाकरी खाल्ली. झोपडीत कसलं माजघर आणि कसली ओसरी! आत्याबाईंनी मला कुठं उभं राहू नको म्हणून सांगायचं, याला तिथं जागाच नव्हती. सूर्य बुडायच्या आत जेवणं उरकायची, आणि मग एवढी लांबलचक संध्याकाळ आपलीच. तू चुलीतली राख ताटात पसरलीस आणि माझं बोट धरून 'रा' काढायला शिकवलंस. महिनाभरात मला माझं नाव लिहिता आलं, दुसऱ्या साली पत्र. आज ज्या अक्षरांनी हे लिहितेय ती तुझीच आहेत.

पुढं ते दरसालचंच झालं. कार्तिक संपला की पेठेत कुठं ना कुठं उंदीर पडायचे, आणि आपली गाडी पूल ओलांडायची. नेमच होऊन गेला होता: घरात एक जरी उंदीर आपोआप मेलेला सापडला, की दिवस मावळायच्या आत घर सोडायचं, मग पुरणाचा घाट घातलेला असो नाहीतर पाहुणे बसलेले असोत. मोठी माणसं त्या प्लेगच्या नावानं बोटं मोडायची. पण पोरं? पोरांना काय कळतंय! त्यांना गाडीचा प्रवास, गुऱ्हाळाची काकवी, ओढ्यातले खेकडे आणि शाळेला सुट्टी. नेमू शेजारच्या पोरांना सांगायचा, आम्ही आता रानात राहायला जाणार, तुमच्यात अजून उंदीर पडला न्हाय व्हय? चंपू एकदा देवघरात डोळे मिटून बसली होती. आत्याबाईंना वाटलं नात किती धार्मिक, आणि जवळ जाऊन ऐकतात तर ती म्हणतेय, पार्श्वनाथा, आज तरी उंदीर पाड. असा रट्टा बसला तिला! मी तोंडानं पोरीला रागावले आणि मनात म्हटलं, बाई, तू माझ्याच पोटची.

तुझा जिनू दोन वर्षांचा होता तेव्हा पहिल्यांदा आला. कुरुंदवाडला तुमच्यात रान नव्हतं, बाहेर पडायला जागा नव्हती, म्हणून आण्णाच म्हणाले, पोराला हिकडं धाड. मग दर मार्गशीर्षात तो यायचाच, तिकडं प्लेग असो नसो. तू लिहिलं होतंस की दिवाळी झाली की तो रोज सकाळी विचारतो, मामाची गाडी कधी. संध्याकाळची त्यांची ती शर्यत तुला मी कितीदा सांगितली असेल. गुऱ्हाळावर गूळ उतरायला उशीर झाला, की तिघंही हातात पान धरून रांगेत उभी राहायची आणि जोतिबाच्या डोंगराकडं बघायची. सूर्य बुडाला की तोंड बंद, मग ताजा गूळ समोर असला तरी सकाळपर्यंत वाट बघायची. जिनू सूर्याला ओरडून सांगायचा, "थांब की रं जरा, एवढा घास खाऊ दे!" केरबा हसून हसून लोळायचा. त्या पोराला मी माझ्या दोघांहून वेगळा कधी धरला नाही. हे तुला माहीत आहे, आणि पुढचं वाचल्यावरही ते तेवढं खरं मान.

आता त्या शेवटच्या सालचं. त्या वर्षी उंदीर पडलेच नाहीत. मार्गशीर्ष अर्धा सरला, पेठेत सगळीकडं शांत. जिनू येऊन आठ दिवस झाले होते, बरोबर तू शिवलेली ती नवी वाकळ. काय वाकळ होती गं! मधोमध तुझ्या लग्नातल्या हिरव्या लुगड्याचा काठ, भोवती आण्णांच्या जुन्या पटक्याच्या पट्ट्या, आणि चार कोपऱ्यांना जिनूची बाळपणीची झबली. टाका असा बारीक की आत्याबाईंनीसुद्धा चष्मा लावून बघितला आणि नाव ठेवायला काही मिळेना म्हणून गप्प बसल्या. पोरं रोज फडताळाखाली, कणगीमागं वाकून उंदीर शोधायची आणि हिरमुसून परत यायची. आत्याबाई देवापुढं साखर ठेवत होत्या, यंदा घरातच राहायला मिळालं म्हणून. आणि मी? मी आतून चिडले होते. त्या साली आत्याबाईंनी माझा जीव नकोसा केला होता. मी वाचते हे त्यांना कळलं होतं, आणि तू धाडलेली दोन पुस्तकं त्यांनी बंबात घातली होती. पहाटेपासून दळण, कांडण, सगळ्यांचं पाणी गाळणं, आणि वर दिवसभर तोंडाचा पट्टा. वर्षभर मी एकाच गोष्टीवर तग धरून होते, की मार्गशीर्ष आला की रानात जाऊ. आता तेही जाणार, या विचारानं मला रडू यायचं.

एक दिवस पहाटे मांजरीनं परड्यात उंदीर मारून टाकला होता. खाल्ला नव्हता, नुसता टाकला होता. मी झाडायला गेले आणि बघत उभी राहिले. विजू, मी शपथेवर सांगते, मी किती वेळ उभी होते मला आठवत नाही. मग केळीचं पान तोडलं, त्यात तो उचलला आणि घरात आणून जात्याशेजारी ठेवला. मारला मी नाही, मी नुसता उचलून ठेवला, कुणाचा जीव घेतला नाही, असं मनाला सांगत मी आंघोळ केली. जैनाच्या पोरीला एवढी पळवाट पुरली. थोड्या वेळानं आत्याबाई दळायला उठल्या आणि ह्यांना हाक मारणारी त्यांची किंकाळी ऐकू आली. "उंदीर पडला! अरं बापूसो, उंदीर पडला रं!" शेजारची रोशनबी धावत आली. मी चिमट्यानं उंदीर उचलून परड्यात जाळायला नेला तेव्हा ती मागं आली, वाकून बघितलं, आणि हळूच म्हणाली, "राजमती, मानेवर दात कसला गं ह्यो?" मी त्याच्यावर गोवऱ्या रचल्या. ती माझ्याकडं बघून हसली, म्हणाली, "जा बाई, चार दिवस हवा खाऊन ये." तिला ती गंमत वाटली. मलाही गंमतच वाटली होती. दुपारी आपली गाडी पुलावर होती, तिन्ही पोरं वाकळेवर बसून गात होती आणि आत्याबाई घराकडं वळून वळून बघत होत्या.

पहिले चार दिवस जे गेले, तसे माझ्या आयुष्यात पुन्हा आले नाहीत. मी पोरांबरोबर ओढ्यात उतरले, ऊस दातानं सोलला, कडब्याच्या गंजीला टेकून उन्हात पुस्तक वाचलं. आण्णा पेढीवरच राहायचे आणि दोन दिवसांआड मुक्कामाला यायचे. तिघं पोरं एका रांगेत तुझ्या वाकळेखाली झोपायची, जिनू मध्ये. त्याला कोपऱ्याचं झबलं तोंडात धरल्याशिवाय झोप यायची नाही, हे तुला सांगायला नको.

पाचव्या दिवशी सकाळी मी भाकरी थापत होते. जिनू गंजीजवळ उकिडवा बसलेला दिसला. पुढ्यात नारळाची करवंटी, आणि करवंटीशी एक उंदीर. दिवसाढवळ्या, उघड्यावर. पळत नव्हता, झिंगल्यासारखा जागच्या जागी फिरत होता. जिनू त्याला बोटानं धरून पाण्याशी नेत होता. मला बघून म्हणाला, "मामी, ह्याला तहान लागलीया. गाळलेलंच पाणी दिलंय मी." विजू, मी काय केलं असेल? मी त्याला शहाणा म्हटलं. जीवदया करणारं माझं गुणाचं लेकरू म्हटलं. आणि म्हणता म्हणताच माझी नजर त्या फिरणाऱ्या उंदरावर ठरली. झिंगणारा उंदीर म्हणजे काय, हे त्या वेळी कोल्हापुरात पाळण्यातल्या पोरालाही माहीत होतं. मी त्याचे हात धुतले. गंजीमागं जाऊन बघितलं, तर आणखी दोन मेलेले पडले होते. आपण ज्याला भिऊन इथं येत होतो, ते त्या साली पेठेत नव्हतंच. ते इथं रानात होतं, आणि मी पोरांना हाताला धरून तिथं आणलं होतं.

तेव्हाच्या तेव्हा गाडी जुंपायला हवी होती. घर मोकळं होतं, स्वच्छ होतं, हे त्या झोपड्यांत फक्त मला ठाऊक होतं. पण आत्याबाईंना सांगायचं काय? घरात उंदीर पडलेला, तिथं कसं परत जायचं, असं त्या म्हणाल्या असत्या. मग मला सांगावं लागलं असतं की तो उंदीर पडलेला नव्हता, मी ठेवलेला होता. मी मनाशी म्हटलं, उद्या हे येणार आहेत, त्यांच्या कानावर घालू, ते काहीतरी वाट काढतील. दोन मेलेले उंदीर मी फावड्यानं ओढ्यापलीकडं टाकले आणि पोरांना गंजीजवळ जायचं नाही म्हणून दम भरला. दुसऱ्या दिवशी हे आले. हसत आले, पोरांना पेरू घेऊन आले, आणि माझी जीभ उचलली नाही. तिसऱ्या दिवशी जिनूला ताप भरला.

पुढचं तुला माहीत आहे, पण तुला सांगितलं ते सगळं आत्याबाईंच्या तोंडचं. जांघेत गाठ आली तशी आण्णांनी केरबाला तुझ्याकडं पिटाळलं आणि स्वतः डॉक्टरला आणायला धावले. डॉक्टरनं मान हलवली. दोन दिवस मी त्याच्या डोक्यावर पाण्याच्या पट्ट्या बदलत होते. तो तुला हाका मारत होता. आणि मधेच मला विचारायचा, मामी, उंदरानं पाणी प्यालं का. मी म्हणायची, हो बाळा, प्यालं. तू पोचलीस तेव्हा उन्हं वर आली होती आणि तो पहाटेच गेला होता. तू दारात आलीस, आणि कुणी तुला जवळ घ्यायच्या आत आत्याबाईंनी ते वाक्य उच्चारलं. "तुझ्याच गावात शेजारी माणूस गेलंतं न्हवं गेल्या म्हैन्यात? मरण वाकळंत बांधून धाडलंस गं पोराला." तू माझ्याकडं बघितलंस. तुला वाटलं असेल वैनी म्हणेल, आत्याबाई, काहीतरीच काय बोलता. मी खाली मान घातली. एवढंच केलं मी. उंदीर ठेवला तो मूर्खपणा होता, दोन दिवस थांबले ती भीती होती, पण त्या क्षणी मान खाली घातली ते पाप मी जाणून केलं. माझ्याऐवजी तुझ्यावर आळ गेला, आणि मी सुटकेचा श्वास टाकला. ती मान मी सात वर्षांत वर केलेली नाही.

आत्याबाईंनी मला वाकळ जाळायला सांगितली. मी ती काखेत मारून गंजीमागं गेले, आणि झोपडीपुढं बसून तू तो धूर बघितलास. त्या दिवसापासून तू सुई हातात धरली नाहीस. तुझ्यासारखा टाका सबंध कुरुंदवाडात कुणाचा नव्हता, आणि सुलीची दुपटी तू बाजारातनं विकत आणलीस. ती चार वर्षांची असताना तुम्ही आलात, तिचा परकर उसवला, आणि तू मला म्हणालीस, "वैनी, तू शीव. माझ्या हातचं तिच्या अंगाला नको." मी शिवलं. खाली मान घालून शिवलं. दर पर्युषणात तू दहा-दहा दिवस निराहार राहतेस, गालफडं बसली तुझी. आणि वर मलाच क्षमा मागतेस! तुझं कार्ड आलं की मी उलट टपाली लिहायची, 'जाणता-अजाणता'. आत्याबाई असेपर्यंत त्यांची भीती आहे असं मनाला सांगत होते. त्या गेल्या, आणि दोन वर्षं मी नवं कारण शोधत बसले. खरं कारण एवढंच, की तू मला वैनी म्हणून गळ्यात पडतेस ते मला सोडवत नव्हतं.

परवा दुपारी मी तुझ्या आण्णांना सगळं सांगितलं. उंदीर, करवंटी, सगळं. त्यांनी ताट सरकवलं, उठले आणि रानात निघून गेले. काल आले, नेमूशी बोलले, चंपूशी बोलले, माझ्याशी नाही. जाताना फक्त एवढं म्हणाले, "तिला लिही. एक अक्षर झाकू नगंस." मी झाकलेलं नाही. ते माझ्याशी पुन्हा बोलतील की नाही, मला माहीत नाही.

आता गाठोडं सोड, विजू. जळाली ती माझी वाकळ होती. तुझी निर्दोष आहे हे त्या झोपड्यांत मला एकटीलाच माहीत होतं, ती मी कशी जाळू? राखेच्या पाण्यात उकळली, आठ दिवस उन्हात टाकली, आणि आत्याबाईंना ओळखू येऊ नये म्हणून दोन्ही अंगांनी जुन्या लुगड्याची खोळ शिवून टाकली. ताप भरेपर्यंतच्या सगळ्या रात्री नेमू आणि चंपू जिनूच्या दोन बाजूंना हिच्याचखाली होते, त्यांना शिंकसुद्धा आली नाही. त्यानंतरची सात वर्षं माझी पोरं हिच्यातच झोपली, आणि गेल्या माहेरपणाला तू आलीस तेव्हा मी तुलाही हीच अंथरली होती. तू रात्रभर तिच्यावर रडलीस, मी शेजारी जागी होते, आणि तरी बोलले नाही. काल मी खोळ उसवली. तुझ्या हातून कुणाचा जीव गेलेला नाही, तो माझ्या हातून गेला. पोराचा जीव घेतलेल्या बाईनं दुसरं पोर वाढवू नये, असं तूच लिहिलंस, मग सुलीला माझ्याकडं कशी धाडशील? मी होय म्हणत नाही. क्षमाही मागत नाही, आणि पुढच्या साली तू मला कार्ड घालू नकोस. व्रतच घ्यायचं असेल तर पुढं कधीतरी घे, पण ज्या पापासाठी घेतेस ते तुझं नव्हे, एवढं जाणून घे. सगळी वाकळ धड आहे, डाव्या हाताचा वरचा कोपरा तेवढा उसवलाय. जिनू तोंडात धरायचा तो. तिथं मी सुई लावलेली नाही. सुलीच्या अंगावर घालायच्या आधी तेवढा तू शिवून घे.

जिला तू राखेत अक्षरं शिकवलीस ती,
तुझीच
राजवैनी